श्वानपथकातून निवृत्त झालेल्या आमच्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

परवा दवाखान्यात आमच्या कुत्रीचं, ठकीचं, वजन केलं, 42 किलो भरलं. काट्यावर ती आपणहून चढली आणि बसून राहिली. बाजूला मांजर घेऊन बसलेल्या बाईंनी आधी पाय वर घेतले, मग म्हणाल्या, "रॉटवायलर ना ही? आणि इतकी शांत?" तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं.

फेब्रुवारी 2024 मध्ये 9 आठवड्यांचं पिल्लू घरी आणलं, तेव्हा आम्हाला काही म्हणजे काही येत नव्हतं. आधी बोलावलेल्या ट्रेनरने "मालक कोण ते कळायला हवं" म्हणत तिला मानेला धरून उताणं पाडलं. ती घाबरून तिथेच मुतली. आमची 4 वर्षांची लेक रडत खाली पळाली ती तुमच्या बाकापाशी. तुम्ही वर आलात आणि ठकीकडे पाठ करून फरशीवर बसलात. बराच वेळ एक शब्द नाही. शेवटी तीच हळूहळू आली आणि तुमचा सदरा हुंगू लागली.

"सोळा आठवड्यांच्या आत हिला जग दाखवा," हे तुमचं पहिलं सांगणं. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो या जीवघेण्या आजाराचं भय होतं, म्हणून खाली न सोडता कडेवर घेऊन फिरवलं. मंडई, शाळा सुटायची वेळ, हेल्मेट घातलेली पोरं, काठी टेकत चालणारे आजोबा. दर नव्या गोष्टीला चण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. ती आकसली की पुढे रेटायचं नाही, आपणच दोन पावलं मागे यायचं.

जो तो सांगायचा, खाताना भांडं काढून घ्या म्हणजे सवय होईल. तुम्ही नेमकं उलटं करायला लावलंत. ती जेवत असताना जवळून जायचं, भांड्यात अंड्याचा तुकडा टाकायचा आणि थेट निघून जायचं. पहिल्या आठवड्यात आमची चाहूल लागली की ती मान भांड्यावर घट्ट धरायची. महिन्याभरात तीच पावलं ऐकून तोंड वर काढायला लागली, काही मिळतंय का बघायला. माणूस जवळ आला की घास जात नाही, उलट वाढतो, हे तिला कळलं होतं.

लेकीलाही तुम्हीच शिकवलंत. ठकी खात असेल, झोपली असेल तर हात लावायचा नाही. अंगावर धावत आली तर ओरडत पळायचं नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. आणि आम्हाला एक ताकीद: दोघींना खोलीत एकटं सोडायचं नाही, कुत्री कितीही गुणी असो. ती आजही पाळतो.

त्याच मार्चमध्ये केंद्राचं कुत्र्यांच्या 23 जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्र आलं, त्यात रॉटवायलरही होती. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण सोसायटीतली धास्ती काही रद्द झाली नाही. मला लोकांचा राग यायचा. तुम्ही म्हणालात, "त्यांची भीती खरी आहे. तिचा मान ठेव." म्हणून लिफ्टमध्ये आधी लोकांना जाऊ द्यायचं, आम्ही जिन्यापाशी थांबायचं. मुसक्याची सवयही तेव्हाच लागली. आत दही लावायचं, ती आपणहून तोंड घालायची. गणपतीच्या गर्दीत आता मुसकं दाखवलं की नाक पुढे करते.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दीड वर्ष ठकीला बघून दार लावून घ्यायच्या. गेल्या आठवड्यात त्या जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "बसव तिला. मी जाते बाजूने." ठकी बसली. आजी कठडा धरून, श्वास रोखून, तिच्या अगदी जवळून खाली उतरल्या.

तुम्ही गावी गेलात, नाहीतर हे त्याच संध्याकाळी बाकावर सांगितलं असतं. काका, मनापासून आभार.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ठकीची आई