कंबर तलावालाही माणसं हवीत

संपादक महोदय,

न्यूयॉर्कच्या खाडीत लोक पाणी साफ व्हावं म्हणून कालवांचे (शिंपल्यात राहणारा जीव, ऑयस्टर) बांध घालतायत हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, एकदम पटला. हॉटेलातल्या रिकाम्या शिंपल्या गोळा करून वर्षभर उघड्यावर ठेवायच्या, मग त्यावर कालवांची पिल्लं चिकटवून पाण्यात सोडायची, हे तिथं 2014 पासून चाललंय आणि एक मोठं कालव दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळतं! कालवं खाऱ्या पाण्यातली, आपल्या कंबर तलावात जगणार नाहीत, पण तिथं शाळेची पोरं स्वतः कालवं मोजतात, तसं पोरांना कामात घेणं तर आपल्याला जमेल की. इथं जलपर्णी उपसली की विषय संपतो, ढीग काठावरच वाळत पडतो अन् पाण्यावर परत हिरवा थर, रोज सकाळी फिरताना बघतो, जीव तुटतो. प्रत्येक शाळेला काठाचा एकेक तुकडा वर्षभर लक्ष ठेवायला नेमून द्या.

– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर