49 रुपयांच्या पुस्तकाबद्दल चौथी आणि शेवटची तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ई-पुस्तक विक्री व सभासद सेवा

चिपळूण, 29 जुलै 2024

विषय: 9 जुलै रोजी सवलतीत विकलेलं सदोष ई-पुस्तक, सकाळच्या मेलमधल्या चुकीच्या किमती आणि 26 जुलैच्या फोनवर झालेला अपमान

महोदय,

शुक्रवारी दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं जे बोलणं झालं, त्यानंतर त्या नंबरवर पुन्हा फोन करायचा नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून हे पत्र. ऑर्डर, बिल, सभासद क्रमांक सगळं तुमच्याकडे आहे. स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. तुमचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र कसं चालतं हे मी तुम्हाला शिकवायला बसणार नाही, ते तुम्ही बनवलंय.

9 जुलैला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तुमचा सवलतीचा मेल आला. त्यात एक जुनं मराठी प्रवासवर्णन होतं, 49 रुपयांना. आम्ही या पुस्तकाची दोन वर्षं वाट पाहत होतो. साडेसहाला मी ते घेतलं, पैसे गेले, पुस्तक यंत्रात टाकलं. संध्याकाळी आईने उघडलं आणि नेहमीप्रमाणे अक्षर मोठं करायला गेली. अक्षर हललं नाही. ते पुस्तक नव्हतंच. कुणीतरी छापील प्रतीच्या पानांचे फोटो काढून एकापुढे एक लावले होते, आणि काही पानांच्या कडेला ग्रंथालयाच्या शिक्क्याची निळसर अर्धगोल कडासुद्धा दिसत होती.

असल्या पुस्तकाचं सहा इंची पडद्यावर काय होतं? पान पडद्यावर मावण्यासाठी आक्रसतं, अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं करून बघावं तर ओळीचा अर्धाच भाग दिसतो. उरलेला अर्धा वाचायला पान बोटाने डावीकडे ओढायचं, की पडदा एकदा काळा होऊन परत उजळतो. मग पुढच्या ओळीसाठी पुन्हा उजवीकडे. एका पानात तीस ओळी धरा, म्हणजे साठ वेळा ओढाओढ आणि साठ वेळा ती काळी झाक. आईने दीड पान वाचलं आणि डोळे मिटून बसून राहिली.

माझी आई 78 वर्षांची आहे. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, पण डोळ्याच्या मागच्या पडद्याचा त्रास आहे, तो आता तसाच राहणार. एका पानावर दहा-बारा ओळी येतील एवढं अक्षर केलं तरच तिला वाचता येतं. अक्षर मोठं झालं की ओळी आपोआप मोडून पुढच्या पानावर जाव्यात, एवढ्यासाठीच तर ई-पुस्तक. नाहीतर माणूस यंत्र कशाला घेईल?

आणि आम्ही ते हौसेने घेतलेलं नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा आईची तिन्ही कपाटं पाण्याखाली गेली. दोन दिवसांनी दारं उघडली तर आत पुस्तकं नव्हती, चिखलाने माखलेले लगदे होते. फुगून एकमेकांना इतके घट्ट चिकटले होते की कपाट पाडूनच बाहेर काढावे लागले. गावातल्या वाचन मंदिराची पुस्तकंही त्याच पुरात भिजली, त्यामुळे तिथून आणून वाचायची सोयही राहिली नाही. त्या सप्टेंबरात मी तुमचं यंत्र घेतलं. आईने दोनशे पानी वही घेतली आणि गेलेल्या पुस्तकांची आठवेल तशी यादी केली. 212 नावं झाली. एखादं पुस्तक ई-स्वरूपात, आमच्या खिशाला परवडेल अशा किमतीत मिळालं की ती त्याच्यासमोर बरोबरची खूण करते. 9 जुलैला 61 खुणा झालेल्या होत्या. हे पुस्तक 62वं होतं, आणि पुरात गेलेली त्याची प्रत तिच्या पहिल्या पगारातली होती.

तुमची सवलत आमच्यासाठी काय आहे ते यावरून कळावं. माझ्या पगारात 212 पुस्तकं पूर्ण किमतीला परत घेणं होत नाही. म्हणून तुमची वर्षाची 599 रुपयांची सभासद फी भरली, आणि म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी तुमचा मेल उघडते.

त्या मेलबद्दलही बोलायचंच आहे. गेल्या सहा महिन्यांत किमान नऊ वेळा मेलमध्ये एक किंमत आणि पैसे भरताना दुसरी, असं झालंय. मेलमध्ये 59, आत गेल्यावर 149. विचारलं तर उत्तर येतं, सवलत संपली. मेलमध्ये तर ‘आज मध्यरात्रीपर्यंत’ लिहिलेलं असतं! पुस्तकाच्या पानावर लाल घड्याळ उलटं पळत असतं, दोन तास चौदा मिनिटं उरली म्हणून. मी पान बंद करून परत उघडलं, घड्याळ पुन्हा दोन तास चौदा मिनिटांवर. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. तिन्ही स्क्रीनशॉट जोडलेत. ग्राहकाला खोटी घाई करण्याच्या या प्रकाराला केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट मनाई आहे. तुमच्या कायदा विभागाने ती वाचली असतीलच.

हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर तुम्ही 450 रुपये खोडून 45 लिहिता आणि वर ‘90 टक्के सूट’ अशी पट्टी लावता. हरिभाऊ 1919 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी लेखन सर्वांसाठी मोकळं होतं, म्हणजे त्या कादंबरीवर कुणाला मानधन द्यायचं राहिलेलं नाही. तरी 45 रुपये द्यायला माझी ना नाही. अक्षरजुळणीला, मुद्रितं तपासायला मेहनत लागते, तिचे पैसे मिळायलाच हवेत. पण ती मेहनत तरी घ्या! त्या प्रतीत ‘वाऱ्याने’चं सगळीकडे ‘वार्याने’ झालंय आणि ‘काळजी’ची ‘कालजी’. यंत्राने ओळखलेली अक्षरं कुणीही एकदासुद्धा वाचून पाहिलेली नाहीत. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला हे वाचताना काय होत असेल?

बिलाचंही तेच. 49 रुपयांत 41 रुपये 53 पैसे पुस्तकाचे आणि 7 रुपये 47 पैसे जीएसटी. म्हणजे 18 टक्के. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर जुलै 2018 पासून 5 टक्के कर आहे. हे पुस्तक छापील आहे, तुम्ही त्याच छापील पानांचे फोटो विकलेत, त्यावर ग्रंथालयाचा शिक्कासुद्धा आहे. पाच रुपयांचा फरक आहे हे मलाही कळतं. पण असे पाच रुपये किती जणांकडून घेतलेत?

आता शुक्रवारचा फोन. याआधी मी 10 तारखेला फोन केला होता, 15 तारखेला फोन आणि लेखी तक्रार दोन्ही केलं होतं. लेखी तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असा ई-कॉमर्सचा नियम आहे. आज चौदा दिवस झाले, पोच नाही.

26 ला दुपारी सव्वातीनला, वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर तुमचा प्रतिनिधी बोलायला आला. आई शेजारी खुर्चीत बसली होती, वही मांडीवर. तिलाही ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला होता. ही माझी चूक झाली.

त्याने विचारलं, “मॅडम, पुस्तक ओपन होतंय ना?” मी म्हटलं, होतंय. “मग प्रॉडक्टमध्ये डिफेक्ट नाहीये.” मी अक्षराचं सांगितलं. “झूमचा ऑप्शन आहे ना, मॅडम.” मी झूमचं सांगितलं, साठ वेळा ओढायचं सांगितलं. तो म्हणाला, “हे डील प्राइसचं पुस्तक आहे, डील प्राइसवर रिफंड नसतो.” हे कुठे लिहिलंय म्हणून मी विचारलं. “पॉलिसी आहे.” कुठल्या पानावर? “मॅडम, पॉलिसी आहे.” मग म्हणाला, “आजींना वाचायला जमत नसेल तर छापील पुस्तक का नाही घेऊन देत?” मी त्याला पूर सांगितला. वही सांगितली. एका परक्या मुलाला फोनवर हे सगळं सांगायची मला गरज नव्हती, तरी सांगितलं, वाटलं की समजेल. तो म्हणाला, “दोन मिनिटं होल्ड करा.”

गाणं लागलं नाही. होल्डचं बटण दाबायचं राहिलं असावं. कुणाशी तरी बोलण्याचा त्याचा आवाज स्वच्छ येत होता: “अगं, एकोणपन्नास रुपयांसाठी तिसरा फोन आहे हिचा. यांना सगळं फुकटच पाहिजे असतं.” पलीकडून कुणीतरी हसलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग लगेच तोच आवाज, एकदम गोड: “होल्डवर राहिल्याबद्दल धन्यवाद, मॅडम. मी तपासलं. रिफंड शक्य नाही. आणखी काही मदत करू शकतो का?”

मला काही बोलता आलं नाही. आईने वही मिटली. म्हणाली, “राहू दे गं. नको आता.”

महोदय, फुकट आम्ही कधीच मागितलं नाही. 49 रुपये दिले. त्याआधी 61 पुस्तकांचे दिले, 599 फी तीन वर्षं भरली, यंत्राचे 8 हजारांवर दिले. सवलत तुम्ही जाहीर केलीत, सकाळी सहाला मेल तुम्ही पाठवलात, ‘आजची संधी’ तुम्ही म्हणालात. तुमच्याच बोलावण्यावरून घेतलेल्या पुस्तकाबद्दल तक्रार केली, तर घेणारा फुकटा कसा ठरतो? स्वस्त पुस्तक घेणारा कमी वाचत नाही. उलट आमच्या घरात स्वस्तातली पुस्तकंच शेवटच्या पानापर्यंत वाचली जातात, कारण ती निवडून, थांबून, पैसे मोजून घेतलेली असतात.

2019 साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांची पुस्तकं उघडेनाशी झाली. पण त्यांनी प्रत्येक पुस्तकाचे पूर्ण पैसे परत केले, आणि ज्यांनी पानांवर टिपणं केली होती त्यांच्या खात्यात वर 25 डॉलर जमा केले. पुस्तकं विकणं हा त्यांचा मुख्य धंदाही नव्हता. तुमचा आहे, आणि तुम्ही 49 रुपयांसाठी पॉलिसी सांगता.

एक राहिलंच. सभासद फीमध्ये ‘ई-रीडरधारकांसाठी बातम्या’ असं लिहिलेलं आहे. आमच्या मॉडेलवरून थेट खरेदी करायची सोय 30 जूनला बंद झाली, ही बातमी तुमच्या एकाही मेलमध्ये आली नाही. जूनभर मेलमध्ये होते कव्हर आणि नव्या मॉडेलचे रंग. आम्हाला कळलं ते 1 जुलैला, पडद्याच्या खाली चार बारीक शब्द उमटले तेव्हा. आता प्रत्येक पुस्तक मी संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकते. मी ऑफिसात असले तर आई संध्याकाळपर्यंत वाट पाहते. एक महिना आधी सांगितलं असतं तर परवडतील तेवढी पुस्तकं आधीच घेऊन ठेवली असती. बातमी म्हणजे हेच ना?

आता मला काय हवं ते लिहिते. ते पुस्तक खऱ्या अक्षरांत, मोठं करता येईल असं द्या. देता येत नसेल तर 49 रुपये परत करा आणि बिलातल्या कराचा खुलासा करा. फोटो काढून लावलेली जी जी पुस्तकं तुमच्या दुकानात आहेत, त्यांच्या पानावर किमतीच्या वर ‘स्कॅन केलेली पानं, अक्षर मोठं होत नाही’ असं मराठीत लिहा. या पुस्तकाच्या पानावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं, आजही नाही, काल रात्री पुन्हा पाहिलं. लिहिलं असतं तर मी ते घेतलंच नसतं, आणि हे पत्रही लिहिलं नसतं. ते खोटं घड्याळ काढा. आणि 26 तारखेचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, सुरुवातीला तसं सांगितलं जातं. ते तुम्ही स्वतः ऐका. त्या मुलाला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. त्याच्या हातात काहीच अधिकार न देता त्याला तिथे बसवणारे तुम्ही आहात. माफी तुमच्याकडून हवी, लेखी, आणि माझ्या नावे नको, आईच्या नावे हवी. पत्राचं अक्षर मोठं ठेवा.

माझी लेखी तक्रार 15 जुलैची आहे. नियमाप्रमाणे निवारणाला एक महिना, म्हणजे 15 ऑगस्टपर्यंत. त्यानंतर मी 1915 या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ई-दाखिल या सरकारी संकेतस्थळावरून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाखल करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मी पाहून ठेवलंय. 49 रुपयांसाठी रत्नागिरीला जाईन का, असं तुमच्या ऑफिसात कुणी विचारलं तर हो, जाईन. एसटीने दोन अडीच तास लागतात.

सभासदत्व सप्टेंबरात संपतं. पुढे चालू ठेवायचं की नाही ते तुमच्या उत्तरावर आहे. आईने 62व्या पुस्तकासमोरची खूण पेन्सिलने खोडली आहे. यादीतली 151 पुस्तकं अजून शोधायची आहेत, आणि ती मी शोधणार आहे, तुमच्याकडे किंवा दुसरीकडे.

आपली तीन वर्षांची सभासद,
चिपळूण