प्रेशर कमी म्हणजे रायफल कमकुवत, हे चूक आहे

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या शिकारी रायफलींवर लेख आला, फोटो झकास होते, पण मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) जुन्या रायफली "प्रेशर कमी म्हणून कमकुवत" असं त्यात म्हटलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

प्रेशर, म्हणजे गोळी सुटताना काडतुसात तयार होणारा वायूचा दाब, कमी होतं ते मुद्दाम ठेवलेलं होतं. त्या काळची बंदुकीची दारू म्हणजे कॉर्डाइट, आणि ती तापली की प्रेशर वाढतं. इंग्लंडच्या थंडीत बरोबर चालणारं काडतूस आपल्याकडच्या मे महिन्यात, नाशिकलाच पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, उन्हात तापलं की काय होणार? काडतुसाची पितळी पुंगळी फुगून चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) घट्ट धरून बसते, निघत नाही. बोल्टवाल्या (मागे सरकत्या खिट्टीच्या) रायफलीत निदान बोल्टचा जोर लावून ओढता तरी येते, दुनळीत तेवढा जोरच नसतो, आणि समोर जखमी रेडा असेल तर दुसरी संधी कुठली. म्हणून .४१६ रिग्बी या काडतुसाची (१९११; आकडा म्हणजे इंचातलं माप) पुंगळी एवढी ढोली केली, आत जागा भरपूर, त्यामुळे ४१० ग्रेनची गोळी सेकंदाला २३०० फुटांच्या वर जाते आणि प्रेशर तरीही आटोक्यात राहतं. .४७० नायट्रो एक्सप्रेस या दुसऱ्या काडतुसाची ५०० ग्रेनची गोळी, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, २१५० फुटांनी जाते, आणि हत्तीसाठी तेवढं पुरत होतं.

उलट उदाहरण .४५८ विंचेस्टर मॅग्नमचं. १९५६ साली आलं, कॅटलॉगमध्ये ५०० ग्रेनला २१३० फूट छापलं, पण पुंगळी आखूड, दारू दाबून दाबून भरावी लागायची, मग तिचे गठ्ठे व्हायचे, नीट जळायची नाही आणि वेग छापल्यापेक्षा बराच खाली यायचा. जॅक लॉट या शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रेड्याने जबर जखमी केलं, त्यानंतर त्याने पुंगळी लांब करून .४५८ लॉट बनवलं. प्रेशर वाढवत बसण्यापेक्षा जागा वाढवली की वेग मिळतो, सगळा मुद्दा हाच आहे.

आपल्याशी संबंध असलेली गोष्ट तर लेखात आलीच नाही, ब्रिटिशांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींना ती काडतुसं कामी येतील या भीतीने, आणि त्यातूनच .४६५, .४७० ही मापं पुढे आली.

शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली, ती बंदच राहावी, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आजोबांची रायफल लायसन्सवर असलेली घरं आपल्या जिल्ह्यात आजही आहेत, कपाटात जुन्या काडतुसांचा डबाही असतो. "कमकुवत आहे, काही होत नाही" असं वाचून कोणी तीच काडतुसं टाकून बघितली किंवा कोणी जास्त दारू भरून दिली तर काय? प्रायमर (पुंगळीच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) चपटा झालेला दिसला, बोल्ट उचलायला जड गेला, तर प्रेशर हद्दीबाहेर गेलंय असंच समजायचं आणि तिथेच थांबायचं. जुनी काडतुसं वापरू नका, पोलीस स्टेशनला विचारून जमा करा, एवढं तरी पुढच्या अंकात चौकट करून छापा ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक