सिकलसेलची तपासणी झाली, पुढे काय?

माननीय संपादक महोदय,

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविरुद्धचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. तेव्हापासून किती जणांचे रक्त तपासले याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. तपासणी हवीच, आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा दोष पुढे देऊ शकणारे, असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ते लग्नाआधी कळलेले बरे. मात्र ज्यांचा अहवाल ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असल्याचा, येतो, त्यांचे पुढे काय होते याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील एक रुग्ण म्हणून मी ते लिहीत आहे.

निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आमची दहा-वीस दिवसांत संपते. त्यामुळे अंगात रक्त कायम कमी, डोळे पिवळे, आणि भेटेल तो काविळीवरचा झाडपाला सुचवतो. याची आता सवय झाली आहे. सवय होत नाही ती वेदनेची. विळ्यासारख्या वाकलेल्या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. त्याला थंडी, ताप, उन्हात पाणी कमी पडणे, एवढे निमित्त पुरते. मांडीत उठलेली कळ कमरेपर्यंत चढते, अंगावर चादर टेकलेलीही सोसत नाही आणि कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो. वरून पाहणाऱ्याला मात्र ना सूज दिसते, ना जखम. अशा अवस्थेत रात्री रुग्णालय गाठले, की ‘एवढे दुखण्यासारखे काही दिसत नाही’ असे ऐकावे लागते, आणि मागच्या वेळी कोणत्या इंजेक्शनने आराम पडला हे सांगितले, तर सांगणाऱ्यावरच व्यसनाचा संशय घेतला जातो. ज्याला धड बोलवतही नाही, त्याने आपले दुखणे खरे असल्याचे पुरावे द्यावेत, ही अपेक्षा क्रूर आहे.

हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी असे झटके कमी होतात, परंतु त्या रोज घ्याव्या लागतात आणि ठरावीक काळाने रक्तही तपासावे लागते. गोळ्या संपल्या म्हणून जवळच्या केंद्रातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या मजुराने त्या दिवसाची मजुरी आणि बसभाडे दोन्ही गमावलेले असते.

आणखी एक गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले, पण त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना स्थान नाही. आजारपणामुळे शाळेतली हजेरी आणि हातची कामे सुटत जाणाऱ्या मुलामुलींना या यादीचा उपयोग कितीसा?

शासनाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रीच्या वेळीही प्रभावी वेदनाशामक, सलाईन आणि या आजाराची जाण असलेला डॉक्टर उपलब्ध ठेवावा, आणि अभियानाचा आढावा घेताना तपासण्यांच्या आकड्याशेजारी किती रुग्णांना वर्षभर अखंड गोळ्या मिळाल्या हा आकडाही जाहीर करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, जि. चंद्रपूर