माझे बाबा अधिकारी नव्हते, चीफ होते

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पाचव्या पानावर माझ्या बाबांविषयी मजकूर आला. ते गेल्याची दखल घेतलीत, आभारी आहे. पण तो वाचल्यापासून आई गप्प आहे, म्हणून लिहिते आहे.

‘संसारापेक्षा समुद्र प्रिय मानणारा नौदल अधिकारी’ असा मथळा दिलात. बाबा अधिकारी नव्हते. १९६६ साली, सोळाव्या वर्षी विशाखापट्टणमला ‘बॉय’ म्हणजे शिकाऊ पोरगा म्हणून भरती झाले, स्टोकर म्हणजे बॉयलर सांभाळणारे झाले आणि पंचवीस वर्षांनी चीफ पेटी ऑफिसर म्हणून घरी आले. नौदलात अधिकारी वेगळे आणि सेलर, म्हणजे खलाशी, वेगळे; चीफ पेटी ऑफिसर हा नावात ‘ऑफिसर’ असला तरी सेलरचाच वरचा हुद्दा. कॉलनीत कोणी ‘साहेब’ म्हटलं की ते तिथल्या तिथे सांगायचे, ‘साहेब नाही, चीफ म्हणा.’ हा हुद्दा त्यांनी बॉयलर रूमच्या उष्म्यात कमावला होता. तो काढून दुसरा चिकटवणं म्हणजे त्यांचा मान वाढवणं नव्हे.

सोबतचा विक्रांत या विमानवाहू जहाजाचा फोटोही चुकीचा. ती कोचीला बांधलेली, २०२२ साली नौदलात आलेली नवी विक्रांत. बाबांची विक्रांत १९६१ ची. १९९७ साली निवृत्त झाली आणि २०१४ साली भंगारात गेली. ते वाचलं त्या रात्री बाबा जेवले नव्हते. १९७१ च्या युद्धात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा होता. उरलेल्या तिघांवर ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार, चितगाववर हल्ले केले. बाबा एकवीस वर्षांचे होते, खाली बॉयलरपाशी. ‘लढाई मी पाह्यलीच नाही, गेजचा काटा पाह्यला,’ एवढंच सांगायचे.

हे झालं हुद्द्याचं आणि जहाजाचं. आईला लागलं ते ‘संसारापेक्षा’.

बाबांना वर्षाला ६० दिवसांची मोठी रजा मिळायची. ती ते कधी जहाजावरच्या मित्रांबरोबर गोव्याला घालवून आले नाहीत. आले की पाण्याचे ड्रम भरणं, आईच्या शिलाई मशीनला तेल, आमच्या शाळेत जाऊन बाईंना भेटणं, हे सगळं त्यांचं. उरलेले दहा महिने फ्लीट मेल ऑफिसच्या, म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्याची आंतर्देशीय पत्रं येत. त्यांत अर्धी जागा घराची असे आणि अर्धी हॉकीची. बाबा जहाजाच्या संघात हाफबॅक खेळत आणि मीही शाळेच्या संघात होते. पत्रात ते मैदानाची आकृती काढून फुल्या मारायचे: पेनल्टी कॉर्नरला तू इथे, चेंडू इकडे ढकल. आईला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पत्र आलं की संध्याकाळी ती अंगणात रांगोळीने ‘डी’, म्हणजे गोलासमोरचं अर्धवर्तुळ, काढायची, पत्रात होत्या तिथे फुल्या घालायची आणि स्वतः गोलात उभी राहायची, पदर खोचून. माझं प्रशिक्षण या दोघांनी मिळून केलं आहे. घर सोडून समुद्रावर प्रेम करणाऱ्या माणसाची ही पत्रं आहेत का, हे आपल्या बातमीदाराने आईला एकदा विचारायला हवं होतं. सव्वाशेवर पत्रं तिने लोखंडी पेटीत ठेवली आहेत. आमच्या घरी कोणीच आलं नाही.

१९८८ साली, मी नववीत असताना, आंतरशालेय अंतिम सामना होता. बाबांनी येतो म्हणून कळवलं होतं. आदल्या रात्री मुंबईहून हावडा मेल धरली, गाडी काही तास उशिरा आली. घरी न जाता ते रिक्षाने थेट मैदानावर आले, पेटी गोलपोस्टच्या मागे ठेवून तिच्यावर बसले. आम्ही २-० ने हरलो. मी रडत त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, ‘रडते काहून, पोट्टी? दुसऱ्या गोलाला तू जागेवर नव्हती, ते आधी सांग.’ मग पेटीतून स्टिक काढली आणि त्या रिकाम्या मैदानावर, प्रवासाच्या कपड्यांत, अंधार पडेपर्यंत मला ती जागा दाखवत राहिले. आई तोवर घरी ताट वाढून दोघांची वाट पाहत होती.

निवृत्तीनंतर तीस वर्षं त्यांनी कॉलनीच्या मैदानावर मुलींना हॉकी शिकवली, एक पैसा न घेता. आपल्या मजकुरात त्यावर अर्धी ओळ आहे. एरवीही क्रीडा पानावर क्रिकेट सोडून काय असतं? शाळकरी मुलींच्या सामन्यांचे निकाल बाबा स्वतःच्या हाताने लिहून सायकलवर आपल्या कार्यालयात आणून द्यायचे. किती छापलेत?

आणि ते मैदान. गेल्या महिन्यात तिथे कपड्यांचा सेल लागला होता. मंडपवाले खांब काढून गेले, खड्डे तसेच आहेत. बाबा आजारी असतानाही रोज विचारायचे, ‘बुजवले का?’ परवा संध्याकाळी मुली आल्या, एकीचा पाय मुरगळला, परत गेल्या.

दुरुस्ती छापावी ही विनंती: चीफ पेटी ऑफिसर, जुनी विक्रांत. मथळ्यातला ‘संसारापेक्षा’ हा शब्द मागे घ्यावा, आईला वाचून दाखवायचं आहे. आणि फोटोग्राफरला एकदा त्या खड्ड्यांपाशी पाठवावं.

– त्यांची थोरली मुलगी, नागपूर