मुखत्यारपत्र परत पाठवलंय, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. "बरं, तुझी मर्जी" म्हणून बाबांनी फोन आईकडे दिला, तेव्हाच ठरवलं की हे आता पत्रातच लिहायचं. फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही पावसापाण्याचं काढता. आई, हे तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, मला कळतं.

आधी मुद्द्याचं. वकीलकाकांनी पाठवलेला मुखत्यारपत्राचा मसुदा मी परत पाठवलाय. मी ते माझ्या नावावर करून घेणार नाही. जमिनीचं नाही, खात्यांचं नाही, कारखान्याच्या शेअर्सचंही नाही. बाबा, राग आला तर येऊ द्या, पण कारण पूर्ण ऐका. जबाबदारी नको म्हणून मी हे करत नाहीये. लांब असले तरी सातबारा मीच काढून पाठवते, कराची विवरणपत्रं मीच भरते, ते पुढेही करीन. दादावर विश्वास नाही असंही नाही, त्याने तुमच्यासाठी रात्री जागून काढल्यात. नानांच्या वेळी जे झालं त्याची भीती मनात आहे का, तर थोडी आहे, पण ते आज कारण नाही. उद्या खरंच वेळ आली तर मी मिळेल त्या विमानाने येईन आणि तुम्ही म्हणाल तिथे सही करीन.

आज मात्र ती वेळ आलेली नाही. विहिरीकडच्या तुकड्यात उसाची लागण कधी केली, खोडवा किती राहिला, पाणीपट्टीचा हप्ता कधी, कुठल्या ठेवीची मुदत कधी संपते, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं चालतं. बोलणंही आता स्वच्छ झालंय, परवा मला प्रत्येक शब्द कळला. चालत नाही तो फक्त उजवा हात. एवढ्यासाठी माणसाने सगळे व्यवहार सोडायचे?

खरं कारण मला आईने सांगितलंय, तिच्यावर चिडू नका. बँकेत त्या दिवशी तुमचा अंगठा घेतला, तेव्हापासून तुम्ही त्या दारात पाय ठेवलेला नाही. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या, त्याच्यापुढे शाईचं पॅड सरकवलं गेलं. काउंटरवरच्या पोराने नियमाप्रमाणेच केलं असेल, पण करताना एकदा मान वर करून बघायला हवं होतं. आई म्हणाली, घरी आल्यावर तुम्ही बोटाची शाई साबणाने घासत किती तरी वेळ बेसिनपाशी उभे होतात. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून एका माणसाबद्दल सांगते. तुमच्याच खात्यातला, बँकवाला आणि जमीनवाला. मी राहते तिथून जवळच, लंडनच्या उत्तरेला एल्स्ट्रीच्या बाजूला, बटरफ्लाय लेन नावाचा रस्ता आहे. तिथे लाल विटांचा एक जुना वाडा आहे, आल्डनहॅम हाउस. १९६१ पासून तिथे मुलांची शाळा भरते, त्यामुळे आत सहज जाता येत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो हेन्री हक्स गिब्ज याचा होता. हक्स हे ज्या घराण्याकडून ही जमीन वारशाने आली त्याचं नाव. म्हणजे वडिलोपार्जितच, आपल्यासारखं, फक्त एकरांचा हिशोब वेगळा.

जन्म १८१९चा. लंडनमध्ये घरची पेढी होती, अँटनी गिब्ज अँड सन्स. शिक्षण ऑक्सफर्डला झालं, १८४३ मध्ये पेढीवर बसला, १८५३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा संचालक झाला. आणि १८६४ साली बंदुकीचा अपघात होऊन त्याचा उजवा हात गेला. हात अशक्त झाला नाही बाबा, गेलाच. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. आजच्यासारखी फिजिओथेरपी नाही, टायपिंग नाही, बोटाने दाबायचा फोन नाही. व्यापार म्हणजे पत्रं आणि सह्या. घरात पैसा होता, मुलगे होते. तो आल्डनहॅमला बागेत बसून राहिला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं.

बसला नाही. अकरा वर्षांनी, १८७५ मध्ये, तो बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर झाला आणि १८७७ पर्यंत त्या खुर्चीवर होता. संचालक तर १९०१ पर्यंत. ऑक्सफर्डचा तो प्रचंड इंग्रजी शब्दकोश तयार होत होता, त्यालाही त्याने हातभार लावला. संपादक मरे यांच्याकडची प्रुफं वाचायची, मतं कळवायची, आणि मरे पैशाच्या अडचणीत आले तेव्हा त्यांना पैसेही दिले. हे सगळं उजव्या हाताशिवाय. १८९१ मध्ये हुजूर पक्षातर्फे लंडन सिटीतून तो पार्लमेंटमध्ये निवडून गेला, पहिल्यांदाच. तेव्हा त्याचं वय एकाहत्तर होतं. तुमचं आज आहे तेच. पुढच्या वर्षी ती जागा थोरल्या मुलाकडे, आल्बनकडे गेली, पण बँकेतलं काम चालूच राहिलं. १८९६ मध्ये लॉर्ड झाला, १९०७ मध्ये गेला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता.

तुम्हाला आवडेल असं एक सांगते. तुमच्या रुपयाच्या भांडणात हा माणूस अगदी मध्यभागी होता. जर्मनीने सोन्याचं नाणं धरलं, मागोमाग इतरही गेले, आणि चांदीचा भाव पडत गेला. आपला रुपया चांदीचा. १८७०च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, वीस-बावीस वर्षांत ते सव्वा शिलिंगाच्या आसपास आलं. इंग्लंडला द्यायची देणी पौंडात आणि सारा गोळा व्हायचा रुपयात, म्हणजे बोजा पडणार तो आपल्याकडच्या शेतकऱ्यावर. १८९३च्या जूनमध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीला बंद केल्या, ते यातूनच. गिब्जचं म्हणणं होतं, सोनं आणि चांदी दोन्ही ठरलेल्या प्रमाणात चलन म्हणून चालू द्या. आधी तो या मताचा नव्हता. १८७८च्या पॅरिसच्या परिषदेत ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी म्हणून गेला तेव्हा विरुद्ध बाजूला होता. नंतर आकडे बघून मत बदललं आणि म्हातारपणी त्याच मतासाठी पुस्तकं लिहिली, सभा घेतल्या. आपल्या देव्हाऱ्यातल्या डब्यात राणीछाप रुपये आहेत ना, लक्ष्मीपूजनाला काढतो ते, त्यांच्याच किमतीचं हे भांडण. ते भांडण तो हरला, जग सोन्याकडेच गेलं.

सगळंच गोड नाही. त्या घराण्याचा मोठा पैसा आला खतातून. पेरूच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले होते, ग्वानो म्हणतात त्याला. १८४०च्या दशकापासून १८६१ पर्यंत ते इंग्लंडच्या शेतांना विकण्याचा मक्ता गिब्जच्या पेढीकडे होता. खणायला करारावर नेलेले चिनी मजूर, त्यांचे फार हाल झाले. काका विल्यम त्यात गडगंज झाला, आणि हेन्रीही त्याच पेढीचा भागीदार. देवळांना, चर्चना त्यांनी दिलंही खूप. सेंट आल्बन्सच्या चर्चमध्ये वेदीमागे दगडी कोरीव भिंत आहे, पंधराव्या शतकातली. तिच्यावरच्या मूर्ती धर्मसुधारणेच्या काळात फोडल्या होत्या. त्या याने स्वतःच्या पैशाने पुन्हा घडवून बसवल्या, आणि त्यासाठी त्या चर्चची दुरुस्ती करवून घेणाऱ्या लॉर्ड ग्रिमथॉर्पशी कज्जाही खेळला. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा एकेका मूर्तीच्या कपड्याच्या चुण्या बघत राहिले, पण त्या बेटांवरची माणसंही आठवत होती. तुम्ही असतात तर तुम्हीही हेच विचारलं असतं, की पैसा कुठून आला. ते विचारायला तुम्हीच शिकवलंत. म्हणून मी त्याला आदर्श वगैरे म्हणत नाही. फक्त त्याचा १८६४ नंतरचा भाग तुमच्यापुढे ठेवते.

बाबा, तुम्ही डाव्या हाताने सही करायला शिका.

"डाव्या हाताने काय शोभतं" असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. हे तुम्ही म्हणालात? मी डावखुरी. आजी माझ्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायची, पाटीवर फुंकर मारून "असं लिही" म्हणायची, आणि मी कोपऱ्यात जाऊन पुन्हा डाव्यानेच लिहायची. तेव्हा आजीच्या समोर, जे तुम्ही कधी करत नव्हतात, आवाज चढवून तुम्हीच म्हणाला होतात, "तिला ज्या हाताने येतं त्या हाताने लिहू दे. अक्षर हाताचं नसतं." आणि रात्री कंदिलाच्या उजेडात माझा डावा हात तुमच्या हातात धरून 'श्री' गिरवून घेतला होतात. तुमच्या अंगाला तेव्हा बँकेतल्या गोंदाचा आणि जुन्या कागदाचा वास यायचा. मला अजून कुठेही जुन्या वह्यांचं दुकान दिसलं की मी आत जाते.

आता मी तुम्हाला शिकवते. कागद सरळ ठेवू नका, त्याचं वरचं टोक उजवीकडे झुकवा. पेन टोकापासून दोन बोटं वर धरा, म्हणजे काय लिहिलं ते दिसेल आणि हाताखाली पुसणार नाही. शाईचं पेन नको, आधी शिसपेन्सिल, मग साधं बॉलपेन. मनगट ओळीच्या खाली राहू द्या, वरून वाकडं आणू नका. शिरोरेघ शेवटी मारा आणि सावकाश मारा, आपल्याला ती ओढता येत नाही, ढकलावी लागते. पहिले काही दिवस फक्त उभ्या रेघा आणि गोल. मग 'र'. तुमच्या जुन्या सहीतला तो लांब शेपटीचा 'र' लगेच यावा असा हट्ट धरू नका. नवी सही वेगळी असली तरी चालते, रोज एकसारखी आली पाहिजे, एवढंच. हे तर तुम्ही मला सांगायला हवं.

आई, आता तुझ्यासाठी. फिजिओच्या ताईंशी मी बोलले आहे. त्या डाव्या हाताचा सरावही घेतील, पण उजव्याचे व्यायाम एकही दिवस बुडवायचे नाहीत. डॉक्टरांनाही विचारलंय, त्यांची हरकत नाही. रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्याबरोबर, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. लोणचं आणि पापड बाबांच्या ताटात वाढू नकोस, ते मागतील आणि तू देशील हे मला माहीत आहे. न्हाणीघरात धरायचे दांडे आणि बसायची खुर्ची दादा शनिवारी बसवून देणार आहे, तो आला की चहा देऊन त्याला गप्पांत अडकवू नका, आधी काम होऊ दे. जिन्यावरचा दिवा रात्रभर चालू ठेवा, बिल मी भरते. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला सांगितली आहे. आणि तू स्वतःचं गुडघ्याचं औषध घे. बाबांचं करता करता तू पडलीस तर मला इथून काही करता येणार नाही, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

माझी काळजी करू नका. घर गरम आहे, खोलीत हीटर आहे, भाकरीचं पीठ वॉटफर्डच्या बाजारात मिळतं, तू दिलेला कांदा-लसूण मसाला अजून पुरतोय. नोकरी कायम झाली म्हणजे मी कायमची गेले असा अर्थ आत्याने काढला तर तिला काढू दे, तुम्ही काढू नका. मला तुम्हाला सोडून राहायचं आहे म्हणून मी इथे नाही. आणि जवळ नाही म्हणून तुमच्या वतीने सह्या करून मोकळी व्हावं, असंही मला वाटत नाही.

बँकेत नमुना सही बदलायचा अर्ज असतो, तो दादा आणून देईल. सही बसली की त्याच्याबरोबर जा, ओळखपत्र आणि फोटो बरोबर न्या, सकाळी गर्दीच्या आधी जा. घाई नाही. तोवर पेन्शनचं जे चाललंय ते तसंच चालू राहील, मी चौकशी केली आहे. आणि बाबा, सरावाचा पहिला कागद टाकून देऊ नका. आईला सांगा फोनवर फोटो काढून पाठवायला, कसाही असला तरी.

तुमची लाडकी,
बेबी

ता. क. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे मी देऊन टाकलेत, तो पुन्हा मागायला आला तर देऊ नका, पावती माझ्याकडे आहे.