दडपण नव्हे, पाचवा माणूस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीच्या बातम्या मी आपल्या क्रीडा पानावर नेमाने वाचतो. एखादा मातब्बर संघ अडखळला की 'दडपणाखाली ढेपाळले', 'ऐन वेळी कच खाल्ली' असे मथळे ठरलेले. सहा महिने सगळ्यांना लोळवणारे खेळाडू एप्रिल उजाडला की भित्रे होतात, हे काही मला पटत नाही. म्हणून हे पत्र.

आधी स्वतःचीच फजिती सांगतो. कॉलेजच्या संघात मी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू होतो. उंच, पण पायाने जड. साखळी सामन्यांत बास्केटखाली ठाण मांडायचो, दोन-चार फटके अडवायचो, टाळ्या घ्यायचो. बाद फेरीत समोरच्या प्रशिक्षकाने एकच गोष्ट केली. त्यांचा सेंटर थेट तीन गुणांच्या रेषेबाहेर (तिथून मारलेल्या फटक्याला दोनऐवजी तीन गुण) नेऊन उभा केला. त्याच्या मागे गेलो की आतली जागा ओस, नाही गेलो की तो मोकळा. आमचे उरलेले चौघे त्यांच्यापेक्षा सरस होते आणि त्या दिवशी चांगलेच खेळले. हरलो ते माझ्या पायांमुळे. घाबरायला मला उसंतच मिळाली नव्हती!

हेच २०२१ साली यूटा जॅझच्या बाबतीत घडताना पाहिले तेव्हा पोटात कालवले. त्या हंगामात सर्वांत जास्त विजय त्यांचे, आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यांच्याच रूडी गोबेअरला. दुसऱ्या फेरीत गाठ लॉस एंजेलिस क्लिपर्सशी पडली. क्लिपर्सनी उंच सेंटर बाकावर बसवला आणि पाचही नेमबाज मैदानात उतरवले. यूटाचे पुढचे बचावपटू चकले की आत घुसणाऱ्याला अडवायला गोबेअर धावायचा, आणि कोपऱ्यात क्लिपर्सचा टेरन्स मॅन मोकळा राहायचा. सहाव्या सामन्यात यूटाकडे एका क्षणी २५ गुणांची आघाडी होती. ती गेली, सामना गेला, मालिकाही गेली. मॅनने एकट्याने ३९ गुण केले. क्लिपर्सचा मोठा खेळाडू कवाय लेनर्ड तर दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हताच. गोबेअर वाईट खेळला असे मी कधीच म्हणणार नाही. एकाच माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी उभे राहायची वेळ त्यांनी आणली.

साखळीतले ८२ सामने वेगळेच असतात. आज या गावी, उद्या त्या गावी, मध्ये विमानप्रवास. समोरच्या संघाचा बारकाईने अभ्यास करायला सवड कुणाला? ज्याच्याकडे जास्त गुणी खेळाडू, तो आपल्या नेहमीच्या खेळावर निम्मे सामने सहज काढतो. प्लेऑफमध्ये मात्र तोच संघ चार ते सात वेळा समोर येतो. पहिल्या सामन्यात चाललेली युक्ती तिसऱ्यापर्यंत उघडी पडते. आणि तुमच्या पाचांत बचावाला कच्चा कोण, हे एकदा कळले की स्क्रीन लावून लावून, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आपला खेळाडू आडवा उभा करून, त्यालाच चेंडूवाल्यासमोर ओढतात. दर वेळी त्यालाच. दया नाही.

ही वेळ सामान्य खेळाडूंवरच येते असेही नाही. २०१६ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते, स्टीफन करीला सर्वोत्तम खेळाडूची मते एकमताने पडली होती. अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना क्लीव्हलँडने ती उलटवली. ड्रेमंड ग्रीनवरची एका सामन्याची बंदी, वॉरियर्सचा सेंटर बोगटची दुखापत, ही कारणे होतीच. पण सातव्या सामन्यात शेवटचे मिनिट सुरू असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्विंगने जो निर्णायक थ्री (तीन गुणांचा फटका) मारला, तो कुणाच्या डोक्यावरून? करीच्या. स्क्रीन लावून त्यालाच समोर आणले होते.

दुसरी लंगडी बाजू चढाईतली. ज्याचा बाहेरून नेम नाही, त्याला प्लेऑफमध्ये कुणी अडवायलाच जात नाही. त्याचा बचावपटू खुशाल आत उभा राहून दुसऱ्याची वाट रोखतो. म्हणजे मैदानात पाच जण आणि खेळायला चार. २०२४ चा फिनिक्स सन्स संघ याच्या उलट होता. ड्युरंट, बुकर, बील, तिघेही उत्तम नेमबाज, पण पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाती ठेवून डाव मांडणारा हाडाचा खेळाडू नाही. मिनेसोटाने त्यांना ४-० असे घरी पाठवले. तिघेही आळीपाळीने एकेकटे खेळत होते, असे मला पाहताना वाटत राहिले.

थकवा आणि नशीब या गोष्टी आहेतच, नाकारत नाही. २०१८ साली ख्रिस पॉलचा स्नायू दुखावल्यावर ह्यूस्टन रॉकेट्सनी सातव्या सामन्यात सलग २७ थ्री चुकवले. मोजकेच खेळाडू घेऊन मालिकाभर खेळलेल्या संघाचे पाय शेवटी जड होतात आणि फटका रिंगच्या अलीकडेच पडतो. तरी २७ म्हणजे अतीच झाले.

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा मात्र मिलवॉकी बक्सचा. २०१९ आणि २०२० अशी सलग दोन वर्षे साखळीत त्यांचाच संघ अव्वल होता. २०१९ मध्ये टोरांटोविरुद्ध २-० पुढे असताना तिसऱ्या सामन्यापासून बक्सच्या यानिस अँतेतोकुंपोसमोर लेनर्ड (तेव्हा तो टोरांटोकडे होता) उभा राहिला, मागे बाकीच्यांची भिंत झाली, आणि बक्स ओळीने चार सामने हरले. पुढच्या वर्षी मायामीने त्यांना ४-१ असे हरवले. तेव्हाही 'कच खाल्ली' हेच ऐकले होते. बक्सनी मात्र तिसऱ्या हंगामात बचावात पटाईत ड्रू हॉलिडेला आणले आणि साखळीतच बचावाच्या नव्या पद्धती करून पाहिल्या. नेहमीची पद्धत सोडून, अडवायचे प्रतिस्पर्धी आपापसांत बदलून घेत बचाव करायचा, तो फसला तर फसू द्यायचा. विजयांचे प्रमाण घसरले, पूर्व विभागात ते तिसरे आले. आणि २०२१ ची ट्रॉफी त्यांनीच उचलली. शेवटच्या सामन्यात यानिसचे ५० गुण, आणि फ्री थ्रो (चुकीबद्दल मिळणारे, कुणी न अडवलेले फटके) १९ पैकी १७! त्या उन्हाळ्यात तो फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला की प्रतिस्पर्धी प्रेक्षक, त्याला लागणाऱ्या वेळावरून हिणवत, मोठमोठ्याने सेकंद मोजायचे. दडपण म्हणतात ते आणखी कोणते असते?

आपल्याला एकच विनंती. मालिकेच्या बातमीत कुणी किती गुण केले हे आपण छापताच; त्याखाली ते गुण कुणाच्या अंगावरून निघाले, म्हणजे समोर बचावाला कोण होते, एवढी एक ओळ देता आली तर पाहावे. मथळ्याचे मग मथळा लिहिणाऱ्यांनी ठरवावे.

आपला,
एक निवृत्त, पायाने जड सेंटर